भाता, बेरियम आणि बाळाचे रडणे

वर्ष-दीड वर्षाचे मूल रात्री अचानक किंचाळून उठते. पाय पोटाशी घेऊन आक्रोश करते, एकदा-दोनदा ओकते आणि दोन-तीन मिनिटांत आपोआप शांत होते. चेहरा पांढराफटक, अंगाला घाम. घरातील मोठी माणसे बेंबीभोवती हिंगाचा लेप लावतात, कोणी ग्राइप वॉटर पाजते, कोणी मीठ-मोहरी घेऊन दृष्ट काढते. लेप वाळेपर्यंत मूल गप्प झालेलेच असते, त्यामुळे प्रत्येक उपायाचा गुण आला असे वाटते. पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा तीच किंचाळी.

अशा मुलांपैकी बहुतेकांना पोटाचा साधा संसर्ग झालेला असतो. उलट्यांपाठोपाठ जुलाब सुरू होतात, मीठ-साखर-पाणी पाजत राहिले की दोन-चार दिवसांत मूल खेळू लागते. पण थोड्या मुलांमध्ये मात्र आतड्याचा एक भाग त्याच्याच पुढच्या भागात शिरून अडकलेला असतो. लॅटिनमधील ‘आत’ आणि ‘घेणे’ या दोन शब्दांवरून डॉक्टर या प्रकाराला ‘इंटससेप्शन’ म्हणतात. तीन महिने ते तीन वर्षे हे या आजाराचे वय. त्यातही पाच ते दहा महिन्यांच्या बाळांत तो सर्वाधिक आढळतो. वेळीच ओळखला तर आज बहुतेक मुले शस्त्रक्रियेशिवाय बरी होतात. एक-दोन दिवस गेले तर आतडे कुजते आणि मूल दगावू शकते.

हा आजार सतराव्या शतकापासून वैद्यांच्या माहितीचा आहे. त्यावरील उपायांपैकी एक तर ख्रिस्तपूर्व काळापासून लिहून ठेवलेला आहे. असे असूनही मुले खात्रीने वाचू लागली ती विसाव्या शतकाच्या मध्यानंतरच. रोग माहीत, उपायही जवळपास माहीत, मग घोडे अडले कोठे? या लेखात त्याचाच शोध घ्यायचा आहे.

आधी आतड्यात काय घडते ते पाहू. वर्गात दाखवायचे असेल तर लांब बाहीचा एक जुना सदरा पुरे. बाहीचा खांद्याकडील भाग चिमटीत धरून मनगटाकडील भागात चार बोटे आत सरकवा. आता एकाच ठिकाणी कापडाचे तीन थर झाले: बाहेरचा, आतला आणि या दोहोंमधला उलटा वळलेला. पोटात हे बहुधा लहान आतडे जेथे मोठ्या आतड्याला मिळते त्या जागी, म्हणजे उजवीकडे खाली घडते. तेथे आतड्याच्या भिंतीत लसिका-ऊतीचे पुंजके असतात. सर्दी-पडशाच्या किंवा पोटाच्या विषाणूमुळे ते सुजले की त्यांचा उंचवटा पोकळीत डोकावतो. अन्न पुढे ढकलणारी आतड्याची आकुंचनाची लाट या उंचवट्याला घास समजते आणि पुढे रेटते; त्याच्यामागून आतडेही ओढले जाते. लहान मुलांत बहुतेक वेळा याहून वेगळे कारण सापडत नाही.

आतड्याबरोबर त्याला रक्त पुरवणारा पडदाही आत खेचला जातो आणि खरा घात तेथे होतो. पडद्यातील नीलांच्या भिंती पातळ आणि त्यांतील रक्ताचा दाब कमी, म्हणून त्या आधी चेपतात. रोहिण्यांतून रक्त येतच राहते. येणारी वाट उघडी आणि जाणारी बंद, त्यामुळे आतडे सुजते, त्यातून रक्त आणि शेंब पाझरू लागते. हे मिश्रण शौचावाटे बाहेर येते. इंग्रज डॉक्टरांनी त्याला आपल्याकडील रेडकरंट या फळाच्या जेलीची उपमा दिली, आणि ती जगभरच्या पाठ्यपुस्तकांत गेली. हे फळ आपल्याकडे होत नाही. ते कधीही न पाहिलेले आपले वैद्यकीचे विद्यार्थी गेली अनेक दशके ती उपमा पाठ करीत आले आहेत. हरकत नाही, पण ही खूण उशिराची आहे हे त्यांच्या लक्षात राहिले पाहिजे. जेली दिसेपर्यंत वाट पाहणे म्हणजे आतडे मरू लागेपर्यंत थांबणे. कळा, उलटी आणि रक्तमिश्रित शौच ही पुस्तकी त्रयी निम्म्याहून कमी मुलांत एकत्र आढळते.

आता सदऱ्याचे दुसरे प्रात्यक्षिक. आत शिरलेली बाही दोन प्रकारे बाहेर काढता येईल. खांद्याकडून ओढा, कापड ताणले जाते, घड्या घट्ट होतात. आता मनगटाकडून टोकावर अंगठ्याने हलकेच दाबा; ती अलगद मागे सरकते. शस्त्रक्रिया करतानाही हाच नियम पाळतात: ओढायचे नाही, पुढून दाबून मागे सारायचे. पोट न उघडता असा दाब द्यायचा तर तो गुदद्वारातूनच द्यावा लागेल, कारण मोठ्या आतड्याचे ते टोक आपल्या हाती आहे.

हिपोक्रेटिसच्या नावावर असलेल्या ग्रंथसंग्रहात आंत्रबंधावर नेमका हाच उपाय आहे. लोहाराच्या भात्यासारख्या भात्याने गुदद्वारातून आत हवा भरावी, असे तेथे सांगितले आहे. आत काय बिघडले आहे हे मात्र त्या काळी कोणाला ठाऊक नव्हते. आपल्या सुश्रुतसंहितेतही आतडे अडल्यास पोट उघडण्याची आणि आतड्याच्या जखमेला काळ्या मुंग्यांचे चिमटे लावण्याची कृती आहे. तीवरून आपल्याकडे इंटससेप्शनचे ज्ञान होते असा दावा करण्याचा मोह टाळावा. अडलेले आतडे ही एक गोष्ट, ते का अडले हे कळणे ही दुसरी.

ते कळू लागले शवविच्छेदनातून. १६७४ साली ॲमस्टरडॅमच्या पॉल बार्बेट या शल्यवैद्याने आतड्यात आतडे शिरण्याचे वर्णन केले. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी, १७८९ मध्ये, लंडनच्या जॉन हंटर यांनी यावर निबंध वाचला आणि १७९३ मध्ये तो छापला गेला. हंटर हे शरीररचनेचे जबरदस्त अभ्यासक. आतड्याचा एक भाग आकुंचन पावतो आणि शेजारचा सैल असतो, तेव्हा पहिला दुसऱ्यात शिरतो, असे त्यांनी सांगितले. यावर त्यांनी सुचवलेला उपाय मात्र वांतीकारक औषधाचा होता. आतड्याची हालचाल उलटी झाली की शिरलेला भाग परत येईल, असा त्यामागचा तर्क. आधीच ओकणाऱ्या मुलाला आणखी ओकायला लावायचे! तर्क नीट असूनही उपाय कसा फसतो याचे हे चांगले उदाहरण आहे.

त्याहून वाईट उपायही होते. आतडे अडलेल्या रोग्याला पारा पाजत. पारा पाण्याच्या १३.६ पट जड, तेव्हा त्याच्या वजनाने अडथळा मोकळा होईल अशी कल्पना. आतडे ही उभी नळी नसून वेटोळे आहे हा पहिला आक्षेप. दुसरा असा, की आतडे आत शिरलेले असेल तर वरून येणारे वजन ते आणखीच आत ढकलणार. सदऱ्याच्या बाहीने हे शेंबडे पोरही सांगू शकेल. पण रोग्याच्या पोटात नेमके काय आहे हे त्याच्या मृत्यूआधी सांगण्याची सोयच नव्हती. पोटात पीळ आहे, गाठ आहे, हर्निया आहे की इंटससेप्शन, सगळ्यांचे नाव ‘आंत्रबंध’ आणि सगळ्यांना तेच उपचार.

जिवंत रोग्यात हा आजार ओळखण्याच्या खुणा एकोणिसाव्या शतकात जमू लागल्या. फ्रेंच वैद्य झां-बाप्तिस्त दांस (१७९७-१८३२) यांचे नाव एका खुणेला आहे. आतडे पुढे सरकल्यामुळे पोटाच्या उजव्या खालच्या भागात हाताला पोकळी जाणवते आणि वर बरगड्यांखाली लांबट गाठ लागते. मूल कळांच्या मध्ये शांत असताना ती चाचपता येते. म्हणजे मूल गप्प झाले की घरच्यांना हायसे वाटते, ती वेळ जाणत्या वैद्याच्या मात्र तपासणीची.

१८६४ साली स्कॉटलंडमधील डंडीच्या डेव्हिड ग्रेग यांनी साध्या भात्याने हवा भरून बरी झालेली मुले नोंदवली. हिपोक्रेटिसचा भाता पुन्हा आला, पण या वेळी रोगाचे नाव घेऊन. १८७१ साली जोनाथन हचिन्सन यांनी लंडनमध्ये दोन वर्षांच्या मुलीचे पोट उघडून आत शिरलेले आतडे सोडवले. आतडे इतके पुढे सरकले होते की ते गुदद्वारातून बाहेर दिसत होते. क्लोरोफॉर्मची भूल दिली आणि आतडे सोडवायला जेमतेम दोन-तीन मिनिटे लागली. मुलगी वाचली. लहान मुलाच्या इंटससेप्शनवरील ही पहिली यशस्वी शस्त्रक्रिया समजली जाते.

ही घटना सर्वत्र गौरवाने सांगतात, आणि ते योग्यच आहे. पण तिच्यात एक गोम आहे. त्या मुलीचा त्रास महिनाभर चालू होता. महिनाभर तग धरला याचा अर्थच असा, की तिच्या आतड्याचा रक्तपुरवठा पूर्णपणे तुटलेला नव्हता. ज्या बाळाचा रक्तपुरवठा तुटतो त्याच्या हाती महिना नसतो, दिवसही मोजकेच असतात. अशी बाळे शल्यवैद्यापर्यंत पोचेतो निस्त्राण झालेली असत. सलाइन नाही, रक्त देण्याची सोय नाही, मग उत्तम हात असूनही ती टेबलावर किंवा दुसऱ्या दिवशी जात. तेव्हा खरी गरज होती ती लवकर ओळखण्याची.

कोपनहेगनचे हाराल्ड हिर्शस्प्रुंग (१८३०-१९१६) यांनी वेगळी वाट धरली. ते बालरोगतज्ज्ञ. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना त्यांचे नाव मोठ्या आतड्याच्या एका जन्मजात विकारामुळे माहीत असते. त्यांच्या रुग्णालयाला डेन्मार्कच्या राणीचे नाव होते. प्रत्येक खाटेवर बायबलमधील वचन लावावे असे राणीच्या मनात होते, तर मुलांना प्राण्यांची चित्रे हवीत असा यांचा हट्ट. त्यावरून राणीने तेथे पाऊल टाकणे सोडले, अशी कथा सांगतात. तर हिर्शस्प्रुंग यांनी १८७६ पासून इंटससेप्शनच्या मुलांना पाण्याचा एनिमा देण्याची पद्धत चालवली. पाण्याचा दाब आणि पोटावरून हाताने गाठीला दिलेला आधार, असा तो उपचार. १९०५ साली त्यांनी १०७ मुलांचा अनुभव प्रसिद्ध केला. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३५ टक्के होते. आज हा आकडा ऐकून अंगावर काटा येतो. त्या काळी यापेक्षा चांगला आकडा फारसा कोणाकडे नव्हता.

एनिमाच्या पद्धतीत एक उणीव होती. पाणी आत गेले, गाठ हाताला लागेनाशी झाली, पण आतडे पूर्ण सुटले का? शेवटचे दोन सेंटिमीटर तसेच राहिले असतील तर मूल पुन्हा त्याच वाटेने जाणार. आणि आतला भाग आधीच कुजलेला असेल तर दाबाने तो फाटणार. उपचार डोळे बांधून चालला होता.

ती पट्टी क्ष-किरणांनी सोडली. १८९५ मध्ये राँटगेन यांनी क्ष-किरण शोधले. आतडे मऊ असल्याने ते क्ष-किरणात उठून दिसत नाही. पण त्यात जड मूलद्रव्याचे संयुग भरले तर त्याची सावली पडते. १९१३ साली बॉस्टनचे विल्यम लॅड यांनी बिस्मथचा एनिमा देऊन घेतलेले इंटससेप्शनचे चित्र प्रसिद्ध केले. वरून आत शिरलेल्या टोकापाशी बिस्मथ अडून त्याची सावली वाटीसारखी दिसते. १९२७ साली स्वीडन, फ्रान्स आणि अमेरिका येथे एकमेकांपासून स्वतंत्रपणे आणखी एक पाऊल पडले. बेरियमच्या एनिमाने चित्र दिसते आणि त्याच दाबाने आतडेही मागे सरकते, मग दोन्ही कामे एकदमच का करू नयेत? पडद्यावर सावली मागे सरकताना दिसते, आणि बेरियम मोकळेपणी लहान आतड्यात शिरले की सुटका पूर्ण झाली असे कळते. येथे निदान आणि उपचार एकच होऊन गेले.

शल्यवैद्य मात्र बिचकत होते. कुजलेले आतडे दाबाने परत गेले तर वरून सारे ठीक दिसेल आणि आत विष पसरेल, ही त्यांची शंका रास्त होती. तिला उत्तर दिले मार्क रॅविच या बाल्टिमोरच्या शल्यवैद्याने. १९४८ मध्ये त्यांनी रॉबर्ट मॅक्यून यांच्यासह रुग्णांवरील अनुभव आणि कुत्र्यांवरील प्रयोग एकत्र मांडले. बेरियमचे भांडे रुग्णाच्या तीन फुटांहून वर न्यायचे नाही, पोट दाबायचे नाही, आणि बेरियम लहान आतड्यात शिरले नाही तर सरळ शस्त्रक्रिया. इतक्या दाबाने कुजलेले आतडे परत जातच नाही, असे प्रयोगांत दिसले. तीन फूट म्हणजे सुमारे ९० सेंटिमीटर. पाणी असते तर पाऱ्याच्या सुमारे ६६ मिलिमीटर इतका दाब झाला असता, बेरियमचे मिश्रण जड असल्याने तो थोडा अधिक. द्रवस्तंभाच्या उंचीवरून दाब काढण्याचे आपले शाळेतील सूत्र येथे मुलाचा जीव सांभाळते, हे विद्यार्थ्यांना जरूर सांगावे. रॅविच स्वतः शस्त्रक्रिया करणारे असल्याने त्यांचा शस्त्रक्रियेविरुद्धचा युक्तिवाद ऐकला गेला.

यानंतरचा टप्पा शांघायचा. १९८६ साली तेथील डॉक्टरांनी १३ वर्षांतील ६,३९६ मुलांचा अहवाल दिला. हवेच्या दाबाने सुमारे ९५ टक्के मुलांची आतडी सुटली होती. म्हणजे हिपोक्रेटिसचा भाताच! फरक एवढाच की त्याला दाबमापक जोडलेला, समोर क्ष-किरणांचा पडदा आणि आत काय आहे याची खात्री. हवेचा दाब साधारण ८० मिलिमीटरपासून सुरू करतात आणि १२० च्या वर जात नाहीत. भात्याने दोन हजार वर्षे क्वचितच यश दिले, ते तो वाईट होता म्हणून नव्हे. तो कोणाला लावायचा, कधी लावायचा आणि कोठे थांबायचे, हे कळत नव्हते.

१९७० च्या दशकाच्या अखेरीपासून निदानासाठी सोनोग्राफी आली. आत शिरलेल्या आतड्याचा आडवा छेद पडद्यावर कांद्याच्या चकतीसारखा, एकात एक कड्यांचा दिसतो. किरणोत्सर्ग नाही, वेदना नाही, मूल आईच्या मांडीवर असतानाही करता येते, आणि सरावलेल्या हाती ती क्वचितच चुकते. पण सोनोग्राफी करावी हे आधी कोणाला तरी सुचावे लागते.

अवघड भाग येथेच आहे. इंग्लंडच्या झॅकरी कोप यांनी पोटाच्या तातडीच्या दुखण्यांचे लवकर निदान कसे करावे यावर १९२१ मध्ये पुस्तक लिहिले. पुढे १९४७ मध्ये तोच विषय ‘झीटा’ या टोपणनावाने पद्यातही मांडला. धडधाकट माणसाचे पोट सहा तास सतत जोराने दुखत राहिले तर बहुधा शस्त्रक्रियेचा विकार असतो, असा त्यांचा ठोकताळा प्रसिद्ध आहे. प्रौढ माणसासाठी तो फार उपयोगी. इंटससेप्शनच्या बाळाला तो लागू पडत नाही, कारण त्याचे दुखणे सततचे नसतेच. डॉक्टरांच्या खोलीत शिरताना ते शांत असते, कधी हसतेही. काही बाळे तर रडतही नाहीत; नुसती मलूल पडून राहतात, आणि डॉक्टरांना मेंदूच्या संसर्गाची शंका येते. उलट न्यूमोनिया, मूत्रमार्गाचा संसर्ग, मेंदूज्वर यांतही मूल ओकते. आंत्रपुच्छाचा दाह या वयात क्वचित होतो. पण झाला तर ओळखण्याआधीच ते फुटलेले असण्याचा संभव मोठा, कारण कोठे दुखते हे मूल सांगू शकत नाही. तान्ह्या बाळाची उलटी हिरवी असेल तर आतड्याला पीळ पडल्याची शंका घेऊन लगेच रुग्णालय गाठायचे असते. त्या पिळावरील शस्त्रक्रिया १९३६ मध्ये सविस्तर मांडली तीही वर आलेल्या विल्यम लॅड यांनीच.

या गोंधळात निदानाची किल्ली बहुधा आईच्या सांगण्यात असते. किती वेळ रडले, मध्ये किती वेळ गप्प होते, तेव्हा रंग कसा होता, जुलाब आहेत की नुसत्याच उलट्या, उलटीचा रंग बदलला का. कळांमधील अंतर घड्याळात पाहून सांगणारी आई अर्धे काम करून आलेली असते.

या आजाराचे नाव १९९९ साली अगदी वेगळ्या कारणाने गाजले. मुलांच्या जुलाबांचे एक मोठे कारण असलेला रोटाव्हायरस १९७३ मध्ये मेलबर्नमध्ये रूथ बिशप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधला होता. त्याविरुद्धची ‘रोटाशील्ड’ ही लस ऑगस्ट १९९८ मध्ये अमेरिकेत आली. लस घेतलेल्या काही बाळांत इंटससेप्शन आढळल्याचे अहवाल येऊ लागले. जुलै १९९९ मध्ये १५ नोंदींवरून लसीकरण थांबवले आणि ऑक्टोबरमध्ये लस मागे घेतली. पुढे हिशेब झाला तो साधारण १०,००० बाळांमागे एक जादा रुग्ण असा. श्रीमंत देशांत जुलाबाने मुले फारशी मरत नव्हती, तेथे हा धोका न पत्करणे समजू शकते. ज्या देशांत ती मरत होती, त्यांनाही मात्र नव्या लसींसाठी २००६ पर्यंत थांबावे लागले, आणि प्रत्यक्षात त्याहूनही कितीतरी अधिक. माझ्या मते या निर्णयाची पूर्ण किंमत कोणी मांडलेलीच नाही. नव्या दोन लसींच्या चाचण्या प्रत्येकी साठ हजारांहून अधिक बाळांवर कराव्या लागल्या, कारण इतका दुर्मिळ परिणाम लहान चाचणीत दिसत नाही.

आपल्याकडे दिल्लीतील नवजात बाळांत सापडलेल्या विषाणूवरून ‘रोटाव्हॅक’ ही लस तयार झाली आणि २०१६ पासून सरकारी लसीकरणात आली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची ‘रोटासिल’ही पुढे वापरात आली. त्याबरोबर देशातील २७ रुग्णालयांत इंटससेप्शनच्या बाळांची नोंद ठेवली गेली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत भारतीय लसीमुळे धोका वाढल्याचे दिसले नाही. अशी मोजणी करायची तर प्रत्येक रुग्णालयात निदान सारखेच पक्के हवे. म्हणून सोनोग्राफी, एनिमा किंवा शस्त्रक्रिया यांपैकी कशाने तरी ठरलेल्या रुग्णालाच रुग्ण मानायचे असते.

एनिमाने आतडे सुटलेल्या दहा मुलांपैकी साधारण एकात ते पुन्हा शिरते, पुष्कळदा पहिल्या दोन-तीन दिवसांतच. म्हणून मुलाला घरी सोडताना आईला सांगून ठेवतात: पुन्हा तसेच थांबून थांबून रडू लागले, तर सकाळची वाट न पाहता घेऊन या.